उजेडाची तेहतीस घरं

कचेरीतल्या हेनिंगने मोजणीची यादी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी केशराचा पाव कॉफीत बुडवत होते. एकोणिसाव्या ओळीवर माझं बोट थांबलं. लीडसेले, चढाची वाट, घर क्रमांक नऊ. पुढच्या रकान्यात हेनिंगच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, उजेड आहे. त्या घराला मी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं. तीन वर्षं झाली, ऑक्टोबरात, आईला पुरून आल्यावर दोन दिवसांनी. आणि सव्वीस वर्षं गावांची आकडेवारी करण्यात घालवलेल्या, देवाधर्माचा गंध नसलेल्या माझ्यासारख्या बाईला पहिला विचार आला तो असा, की आई घरी आहे. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. तोवर पाव कॉफीत विरघळून गेला होता आणि हेनिंग माझ्याकडे बघत उभा होता.

“लीडसेले पास,” तो म्हणाला. हेनिंग दक्षिणेचा, घशातून र काढणारा; आमच्या उत्तरेकडच्या गावांची नावं तो अजून पाहुण्यासारखी उच्चारतो. “सेहेचाळीस घरं, तेहतीस उजेडात. थोडक्यात निसटलं, पण पास. तुझं गाव ठणठणीत आहे बघ, इल्वा. तू उगाच सुतकी चेहरा करून फिरतेस.”

“नऊ नंबरच्या घरात कोणी दिसलं का तुला?”

“माणसं कशाला बघू? तुझ्याच सूचनांत लिहिलंय, गाडीतून उतरायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, फक्त खिडकी बघायची.”

हे खरं होतं. खिडकी ही माझीच कल्पना. आमची कचेरी दर डिसेंबरात आतल्या भागातल्या लहान गावांचा एक तक्ता करते. त्याचं सरकारी नाव दीड ओळ लांब आहे; आम्ही त्याला तब्येतीचा तक्ता म्हणतो. दुकानातली विक्री, शाळेतली मुलं, पोस्टात आलेली पार्सलं, तपासणीला आलेल्या गाड्या असं सगळं त्यात असतं, पण हे आकडे येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष उलटून जातं, आणि तेवढ्यात एखादं गाव आटोपलेलंही असतं. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी सुचवलं, की नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी आपल्याकडे जो जिवंत आहे आणि घरात आहे तो खिडकीत विजेच्या सात दिव्यांची लाकडी कमान लावतोच. देव मानणारा लावतो, न मानणारा लावतो, शेजाऱ्याशी भांडलेला तर आधी लावतो. तेव्हा दुपारी चार वाजता, काळोख पडल्यावर, गाडी माणसाच्या चालीने गावातून न्यायची आणि उजेडाची घरं मोजायची. बाकीचे आकडे गेल्या वर्षीचे असतात, खिडकी आजची असते, हे माझं वाक्य. ते पुढे अहवालात छापलं गेलं आणि कचेरीत माझ्या नावाने केक कापला गेला. सत्तर टक्क्यांच्या वर उजेड असला तर गाव स्वतःच्या पायावर उभं. खाली असला तर त्याला आधार हवा, म्हणजे गावातल्या एकुलत्या दुकानाला सरकारी मदत. इतकं सोपं, इतकं स्वस्त. ज्या गावांतून मी पळून आले त्यांची नाडी मी गाडीच्या काचेतून बघत होते आणि मला त्याचा अभिमान होता. आता लपवून काय करू?

लीडसेलेची मोजणी मात्र मी दर वर्षी दुसऱ्या कोणालातरी द्यायचे. आपलंच गाव, पक्षपात नको, असं सांगायचे. आतापर्यंत तिथली घरांची यादी नव्हे, नुसती बेरीजच माझ्यापर्यंत यायची. खरी गोष्ट अशी की चढाच्या वाटेवरून मला जायचं नव्हतं. आई सत्तरीत होती तेव्हा दर रविवारी फोन करायची. गावात कोण गेलं, कोण पडलं, कोणाच्या कुत्र्याने काय केलं हे सांगून झालं की विचारायची, “कधी येतेस राहायला?” मी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात. मी नुसती टाळत होते असंही नाही. म्हणताना मला ते खरंच वाटायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतली तिची कमान जुनी होती, एक दिवा जरा सैल झाला की सातही विझायचे. मग ती खुर्ची ओढून बसायची आणि एकेक दिवा दोन बोटांनी पिरगाळून बघायची. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर आलेली असायची. सातही पेटले की म्हणायची, “हां, आता लोकांना कळेल आपण आहोत.” ती गेली ऑक्टोबरात, कमान माळ्यावरच होती. पाइप गोठू नयेत म्हणून मी वीज चालू ठेवली, थोडी ऊब ठेवली, घर विकायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात येणारच आहे. हे मी तीन उन्हाळे सांगत होते.

कोणीतरी माळ्यावर चढून ती कमान खाली आणली होती. हा दुसरा विचार. चोर कमान लावत नाहीत, हा तिसरा. मी गणित केलं, कारण भीती वाटली की मी गणित करते. तेहतीसमधून एक गेलं तर बत्तीस. सेहेचाळीसपैकी बत्तीस म्हणजे सत्तरच्या किंचित खाली. माझ्या आईच्या बंद घरातला तो एक उजेड नसता तर लीडसेले नापास झालं असतं आणि दुकान वाचलं असतं. मी पुन्हा भागाकार केला, मग कागदावर हाताने केला. उत्तर तेच आलं. पावाचा उरलेला तुकडा मी कधी खिशात टाकला आणि कधी कुस्करला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करायला किल्ली काढली तेव्हा बोटांना पिवळा चुरा लागला.

अडीच तासांचा रस्ता. शेवटचा तास दोन्ही बाजूंना नुसती सूचिपर्णी झाडं आणि मध्ये मध्ये नदी. दोन वाजले होते आणि उजेड संपत आला होता. लहानपणी शाळेच्या बसमधून येताना मी खिडकीला कपाळ टेकून घरं मोजायचे, कोणाकडे दिवा, कोणाकडे नाही. म्हणजे ही सवय कचेरीतली नव्हेच. तेव्हा ज्या घरात दिवा नसेल त्या घरातलं माणूस मेलं आहे असं मी स्वतःशी ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात भेटलं की चपापायचे. आता मी पुलावरून गावात शिरले आणि मोजायला लागले. किती नको म्हटलं तरी डोळे मोजत होते. आणि कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. खिडकीत दिवे होते, पण दारापुढचा बर्फ काढलेला नव्हता. दिवे होते, पण धुराड्यातून धूर नव्हता. एका घरात पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ आणि त्यावर ये-जा केलेल्या एकाच माणसाच्या पावलांचे ठसे, लहान, जवळजवळ. पुढच्या घरापाशी पुन्हा तेच ठसे. हेनिंगला हे दिसलं नाही. गाडीतून उतरायचं नाही असं मीच लिहिलं होतं.

मी आधी दुकानात गेले. घरी जायचा धीर नव्हता. दुकान एवर्टचं, त्याच्या बापाचं होतं त्याच जागेत. आत तोच वास, ओली लोकर, कॉफी आणि रॉकेल. एवर्ट माझ्याच वर्गात होता. केस गेले, पोट आलं, टोमणे तेच राहिले.

“अरे वा! शहर आलं,” तो म्हणाला. “काय हवंय? आमच्याकडे ते फेसाचं दूध नाही हो.”

“कॉफीची पुडी दे. आणि जरा नीट बोल.”

“नीटच बोलतोय. हे वाचलंस?” त्याने फळ्याकडे बोट केलं. मूस हरणांच्या शिकारीच्या पाळ्या, चर्चमधल्या गाण्याची वेळ आणि त्यांच्या मधोमध आमच्या कचेरीचं पत्र. मोजणी होताच आधीची सूचना म्हणून ई-मेलने आपोआप जातं ते. आपल्या गावाची आर्थिक प्रकृती समाधानकारक असल्याचे प्राथमिक मोजणीत दिसून येत आहे. सबब दुकानाची मदत एक जानेवारीपासून थांबवण्याचा विचार आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत. “मी मुद्दाम लावलंय तिथे. सकाळपासून येता-जाता वाचतोय. ठणठणीत आहोत आम्ही! काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ गिऱ्हाईकं आली, त्यातलं एक वाट चुकलेलं. तुमच्यातला कोण शहाणा हे मोजतो ग?”

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. “मग हरकत घे ना,” मी म्हणाले.

“काय लिहू? की आम्ही आजारी आहोत, कृपा करा? लोकांना आवडेल का ते? नाही आवडणार. महिनाअखेर बंद करतो आणि मोकळा होतो. मला जावयाकडे नोकरी आहे, माझं सोड. तुमच्या समोरच्या त्या येर्दिसचं काय ते सांग. तिची औषधं इथे येतात, तिचं दूध इथून जातं. पुढचं दुकान पन्नास किलोमीटरवर. गाडी तिला येत नाही, बस आठवड्यातून दोनदा. तिला नेऊन घालतील थोरल्या गावातल्या वृद्धाश्रमात. सहा महिने टिकणार नाही म्हातारी.” त्याने पुडी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवली.

“एवर्ट, आईच्या खिडकीत दिवा कोण लावतं?”

“येर्दिसच की. तुला माहीत नाही? सात घरांच्या किल्ल्या आहेत तिच्याकडे. जे जातात ते तिच्याकडे किल्ली टाकून जातात, येतो म्हणतात. मग ही नोव्हेंबर संपला की फिरते, घरोघरी कमानी लावते, दर दोन दिवसांनी जाऊन बघून येते.”

“पण कशाला?”

“तिला विचार. मी फक्त दिवे विकतो. विकतो म्हणजे, देतो.”

सात. म्हणजे खरा आकडा सव्वीस होता. अशी किती गावं असतील, आणि किती येर्दिस? नऊ वर्षं मी कशाची मोजणी करत होते? गावाने आपली गेलेली माणसं खिडकीत उभी केली होती, रस्ता बोडका दिसू नये म्हणून, आणि मी गाडीतून येऊन प्रत्येकाला हजर म्हणून खूण केली होती. बरं, खोटं कोणीच बोललं नव्हतं. चार वाजता काळोखात मी काय बघते हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर लोक मुद्दाम दिवे लावतील, अशी मला तेव्हा शंका होती.

येर्दिस मावशीचं घर आमच्या घराच्या बरोबर समोर, मध्ये रस्ता. एक्याऐंशी वर्षांची, आईची मैत्रीण, भांडायलाही तीच आणि रडायलाही तीच. तिने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघितलं.

“काढ ते. आत्ताच पुसलंय. जेवलीस?”

“मावशी, मी—”

“बटाटे आहेत आणि खारवलेला मासा. बस.”

मी बसले. तिच्या टेबलाशी बसलं की आमची खिडकी समोर येते, हे मी विसरले होते. सात दिवे. मागे अंधार, त्यात कपाटाची कड दिसते न दिसते. आई ज्या खुर्चीत बसायची तिची पाठ. मला वाटलं ती पाठ जरा हलली. मी ताटात बघितलं.

“घाबरतेस?” मावशी म्हणाली. “मीही घाबरायचे. वाल्बोर्ग गेली त्या हिवाळ्यात. तू कुलूप लावून गेलीस, मी इथे बसले, आणि समोर काळं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. वाल्बोर्ग माझ्यावर रागावली की दिवा घालवून अंधारात बसायची, ठाऊक आहे ना तुला? मला वाटायला लागलं, बाईसाहेब रागावून बसल्यायत आत. पहिल्या रविवारी तिनेच कधी दिलेल्या किल्लीने मी आत गेले आणि लावून आले. त्या रात्री झोप लागली. मग पलीकडच्या घरातलं काळं दिसायला लागलं. एकाचं केलं की दुसऱ्याचं दिसतं ग. आणि तू येणारच आहेस म्हणालीस.”

“हो,” मी म्हणाले.

मग मी तिला सांगितलं. एवर्टला नाही सांगता आलं ते तिला सांगितलं, खिडक्यांचं, सत्तर टक्क्यांचं, तेहतीस आणि बत्तीसचं. माझीच कल्पना, हेही सांगितलं. ती माशाचे काटे काढत राहिली. आमच्या कचेरीत दुरुस्तीचा एक कागद आहे, मी म्हणाले. घराच्या मालकाने लिहून द्यायचं की घर रिकामं आहे, आणि शेजाऱ्याने साक्षीची सही करायची. बाकीच्या सहा घरांचे मालक सहा ठिकाणी आहेत, शुक्रवारपर्यंत ते सापडणार नाहीत. पण एक पुरे. आमचं पुरे. मालक मी, शेजारी तू. दुकान वाचेल, निदान या वर्षी.

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी मी गाडीतून उतरायला सांगेन.”

“खुळी आहेस,” ती म्हणाली. रागाने नव्हे. “काय लिहायचं असतं त्यात?”

मी पिशवीतून कागद काढला. सव्वीस वर्षांत असे शेकडो कागद मी लोकांकडून भरून घेतलेत, बोटाने जागा दाखवत. तीनच प्रश्न आहेत. घरात कोणी राहतं का? नाही. शेवटचं कोण राहत होतं? वाल्बोर्ग नुर्डेल. येत्या बारा महिन्यांत कोणी राहायला येणार आहे का? इथे पेन थांबलं. हा प्रश्न मीच घातला होता, उन्हाळी पाहुणे मोजणीत घुसू नयेत म्हणून. हो लिहिलं तर घर जिवंत धरायचं, नियम माझाच. आईने दर रविवारी विचारलेलं हेच होतं, फक्त सरकारी भाषेत नव्हतं. तिला मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ती दोन दिवस दिवा घालवून बसली असती, आणि मग तिने कदाचित मला विचारणं सोडून स्वतःचं काहीतरी ठरवलं असतं, बहिणीकडे गेली असती, पायऱ्यांवर एकटी पडली नसती. मी हो म्हणत गेले आणि तिला त्या खिडकीत बसवून ठेवलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते लिहून द्यायची वेळ आली नव्हती. मी नाही लिहिलं. अक्षर इतकं बारीक आलं की पुन्हा गिरवावं लागलं. मग सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने चष्मा लावला, एकेक ओळ मोठ्याने वाचली. “घरात कोणी राहतं का. नाही.” ती समोरच्या खिडकीकडे बघत राहिली. घड्याळात साडेचार झाले होते. “शेवटचं कोण राहत होतं. वाल्बोर्ग.” मग तिसरा प्रश्न वाचला आणि माझं उत्तर मात्र मनात वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दुकान गेलं की मला नेणार, हे एवर्टने सांगितलं असेल तुला.”

“हो.”

“म्हणून करतेस?”

“हो. आणि खरं आहे म्हणून.”

“पेन दे.” पण पेन हातात घेऊन ती उठली. खुंटीवरचा कोट अंगावर चढवला, डोक्याला रुमाल बांधला, खणातून किल्ली घेतली.

“कुठे निघालीस?”

“दिवा काढायला. आत दिवा जळतोय आणि मी घर रिकामं म्हणून सही करू? खोटी सही मी करत नाही. तू बस. तुझ्याच्याने नाही व्हायचं ते.”

मी बसले. खरंच माझ्याच्याने झालं नसतं. ती रस्ता ओलांडून गेली, त्याच लहान, जवळजवळ पावलांनी. दार उघडलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत, सात दिव्यांच्या मागे, ती आली. पाठीला तेवढाच बाक, डोक्याला तसाच रुमाल. दोघी एकाच दुकानातून रुमाल घेत. ती कमानीवर वाकली आणि दोन बोटांनी एक दिवा पिरगाळला. सातही विझले. काच काळी झाली.

आता बाहेर येईल, मी मनात म्हणाले. दार उघडं होतं, कोणी येत नव्हतं. एक मिनिट, दोन मिनिटं. टेबलावर माझा कागद होता, त्यावर माझ्या सहीने लिहिलं होतं की त्या घरात कोणी नाही. आणि त्या काळ्या खिडकीमागे कोणीतरी उभं राहून माझ्याकडे बघत होतं, हे मला माझ्या मानेवर आलेल्या काट्याने कळत होतं. मावशी पडली असेल, पायरीला अडखळली असेल, असं काहीतरी शहाणपणाचं मी स्वतःला सांगितलं. उठले. बूट घातले नाहीत. मोज्यांनिशी बर्फात, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि त्या उघड्या दाराकडे बघून हाक मारली. हाक मावशीला मारायची होती. तोंडातून निघालं, “आई!”

आत बराच वेळ काही हललं नाही.

“आले ग,” अंधारातून आवाज आला.